टीव्हीचा पन्हा

प्रबंधाच्या पहिल्या पानावर ऋणनिर्देश असतो. मार्गदर्शक, ग्रंथपाल, आईवडील आणि सगळ्यात शेवटी टंकलेखक, अशा क्रमाने आभार मानायचे आणि मग मूळ विषयाकडे वळायचं. माझा प्रबंध अर्ध्यावरच राहिला, त्यामुळे ऋणनिर्देश लिहायची संधी हुकली ती हुकलीच. पण गेल्या हिवाळ्यात आम्ही एक टीव्ही घेतला आणि त्या कामी इतक्या लोकांनी इतकी मदत केली की, ती मदत नसती तर टीव्ही बराच आधी भिंतीवर लागला असता. त्या सर्वांची मी आभारी आहे. हे मी उपरोधाने लिहीत नाही.

टीव्ही पंचावन्न इंची आहे आणि तो व्हिडिओ गेम खेळण्यासाठी घेतलेला आहे. खेळणारी मी. वय सांगायची गरज नाही. तुमसरच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात मी भौतिकशास्त्र शिकवते आणि ज्यांना नोकरीच्या पहिल्या वर्षी शिकवलं त्यांची मुलं आता माझ्या वर्गात बसतात, एवढ्यावरून वाचकांनी हिशेब करावा.

या वयात गेम खेळायला लागण्याचं कारण आमची मुलगी रुचिका. ती पुण्याला इंजिनियरिंगला गेली आणि फोनवरचं आमचं बोलणं आटत आटत असं झालं:

"जेवलीस?"

"हो."

"काय होतं?"

"भाजी."

"कोणती?"

"आई, भाजी."

यात भांडण नव्हतं. विषयच नव्हता. तिच्या मामाने तिला बारावीनंतर गेमचा कन्सोल दिला होता. होस्टेलवर तो ठेवायची परवानगी नव्हती, म्हणून तो आमच्याकडेच कपाटात पडून होता. एका रविवारी तीच म्हणाली, "आई, तू घरून कन्सोलवर खेळ. मी इथून लॅपटॉपवर खेळते. एकच गेम दोघींना एकत्र खेळता येतो." मी हो म्हटलं ते केवळ तिने स्वतःहून तीन वाक्यं सलग बोलल्याच्या आनंदात.

गेम साधा आहे. दोन हमाल काचेची एक मोठी पेटी दोन्ही बाजूंनी धरून डोंगरातून नेतात. एक हमाल ती, एक मी. एकीचा पाय चुकला की पेटी फुटते आणि दोघींना मागच्या गावातून परत निघावं लागतं. आता गंमत अशी, की डोंगर चढताना पाच-दहा मिनिटं विशेष काही करायचं नसतं, नुसतं चालायचं असतं. त्या चालण्यात रुचिका बोलायला लागली. मेसमधली भाजी कोणती, हे मला पहिल्यांदा त्या डोंगरात कळलं. (दोडका. रोज दोडका.) लॅबमधला पार्टनर सगळं काम हिच्यावर टाकतो, शेजारच्या खोलीतल्या मुली हिच्या बोलण्यावर हसतात, म्हणून ही वर्गात 'मले' म्हणायच्या आधी थांबते, हे सगळं पेटी धरल्याधरल्या कानात घातलेल्या हेडफोनमधून माझ्यापर्यंत आलं. मी "हं" म्हणत होते आणि चालत होते. रविवारची संध्याकाळ मला आठवडाभर पुरत होती.

मग झुलता पूल आला. या पुलाच्या मध्यावर दोन्ही हमालांनी एकाच क्षणी उडी मारायची असते. रुचिका "एक, दोन, मार!" म्हणे, मी बटण दाबे, तिचा हमाल उडे, माझा हमाल किंचित विचार करून उडे, आणि पेटी दरीत जाई. हे किती रविवार चाललं ते मोजायचं मी टाळलं.

"आई, जाऊ दे ना," एकदा ती म्हणाली. आवाजात राग नव्हता, आणि तेच वाईट होतं. "तुला नाही जमत तर राहू दे. माझी रूममेट म्हणते, ती खेळते माझ्यासोबत."

"दोष टीव्हीचा आहे," मी म्हटलं.

"हो आई."

हे 'हो आई' मला ओळखीचं होतं. गुडघे थंडीने नाही तर हवेच्या दाबाने दुखतात असं माझी आई म्हणायची, तेव्हा मी याच सुरात हो म्हणत असे.

माझी अनुमानं चुकू शकतात, पण न तपासता मी ती मांडत नाही. मोबाईलच्या कॅमेऱ्यात माझा अंगठा आणि टीव्ही एकाच वेळी दिसतील असं चित्रण केलं आणि ते अगदी सावकाश चालवून पाहिलं. अंगठा बटणावर टेकतो, आणि पापणी एकदा मिटून उघडेल इतक्या अवकाशानंतर पडद्यावर हमाल हलतो. म्हणजे माझ्या नसा ठणठणीत होत्या. आमचा जुना बत्तीस इंची टीव्ही आलेलं प्रत्येक चित्र आधी सजवत बसायचा, मग दाखवायचा. मी रुचिकाला निष्कर्ष कळवला. ती म्हणाली, "बरं, तू नवीन टीव्ही घे. मी तोवर थांबते. नवीन टीव्हीवर एकदा शेवटचं पाहू."

'शेवटचं' हा शब्द तिने सहज वापरला होता. मी तो सहज ऐकला नाही.

आता आमचे हे. अंकुश पाटबंधारे खात्यात वरिष्ठ लिपिक आहेत. घरात साधा कुकर घ्यायचा तरी तीन दुकानांची दरपत्रकं लागतात आणि त्यांचा तुलनात्मक तक्ता होतो. टीव्हीसाठी त्यांनी बजेट ठरवलं पस्तीस हजार, आणि वर विचारलं, "प्रयोजन काय लिहू?"

"कौटुंबिक संवाद."

"हे मंजूर होण्यासारखं नाही वाटत," ते गंभीरपणे म्हणाले. मंजूर करणारेही तेच होते.

जुना टीव्ही बदल्यात दिला तर काही रक्कम कमी होणार होती. पण दुकानदार म्हणाला, त्याचं मूळ बिल लागेल. यांच्याकडे मूळ बिल नसेल असं शक्यच नव्हतं. त्यांनी ते काढलं, तर थर्मल कागदावरचं ते बिल कोरं पांढरं झालं होतं. यांनी ते प्लास्टिकच्या पाकिटात जपून ठेवलं होतं. बिल आहे पण त्यावर काही नाही, अशा अवस्थेत पुढची कार्यवाही काय, याचा विचार करण्यात आठवडा गेला. शेवटी दुकानदाराने बिल न पाहताच टीव्ही घेतो म्हटलं, तेव्हा यांना तो इसम बेजबाबदार वाटू लागला.

दरम्यान गल्लीत बातमी पसरली होती. पहिले सल्लागार आले लक्ष्मणराव, रेल्वेतून निवृत्त झालेले, समोरच राहतात.

"सूनबाई, एवढा मोठा टीव्ही घेता तं पाहानार कुठून? अंगनातून?"

"खोलीच्या मानाने बरोबर आहे काका. मी अंतर काढलंय."

"अंतर तुमी काढलं, पन डोये तं आमचेच जातीन ना! आमी येऊच पाहाले."

मग शेजारची शालू. "ताई, इतका मोठा नोका घेऊ. त्या सीरियलमधली सासू आधीच भेव दावते, ते अजून मोठी दिसली तं माया लेकराले रातच्याले झोप नाही यायची."

टीव्ही कशासाठी, हे मात्र मी कोणालाच सांगितलं नाही. लाज वाटत होती असं नाही. विचारेल त्याला झुलता पूल समजावून सांगायचा म्हणजे मोठंच काम होतं. पण मी गप्प राहते तेव्हा लोक ती जागा स्वतःच भरून काढतात. गल्लीने ठरवलं की मॅडम मोठ्या पडद्यावर शिकवणी वर्ग सुरू करणार. एक बाई मुलाचं नाव घालायला पेढे घेऊन आली. पेढे घ्यावेत की नाही हे ठरवेपर्यंत बातमी कॉलेजात पोचली आणि प्राचार्यांनी मला बोलावलं.

"मॅडम, अनुदानित संस्थेतल्या शिक्षकांना खाजगी शिकवणी घेता येत नाही, हे तुम्हाला मी सांगायला पाहिजे का?"

"सर, मी शिकवणी घेत नाही."

"मग एवढा टीव्ही?"

इतकी वर्षं या खोलीत मी फक्त प्रयोगशाळेच्या काचसामानाबद्दल बोलले होते. मी खिडकीबाहेर पाहत म्हटलं, "व्हिडिओ गेमसाठी, सर."

"कोण खेळतं?"

"मी."

सरांनी पेपरवेट एकदा फिरवला. मग म्हणाले, "मॅडम, त्यापेक्षा शिकवणी असती तर मला कारवाई तरी करता आली असती." आणि मला जायला सांगितलं. त्यांनी ही गोष्ट कुणालाच सांगितली नाही, याबद्दल त्यांचेही आभार.

तिन्ही दरपत्रकांत कमी दर कुलदीपचा निघाला. बाजारातल्या रस्त्यावर त्याचं दुकान आहे. धानाचा हंगाम होता, रस्त्यात पोत्यांनी भरलेल्या ट्रकांची रांग लागली होती. दुकानात मात्र प्रत्येक पडद्यावर एकच पोपट उडत होता.

"पाहा मॅडम, पोपटाचं एक एक पीस मोजून घ्या."

"मला पोपट नको. बटण दाबल्यावर किती वेळात चित्र हलतं ते सांगा."

कुलदीपने मान तिरकी केली. "आवाज जबरदस्त आहे मॅडम. वरच्या मजल्यावर जाते."

मी शांतपणे एकेक विचारत गेले. खोक्यावर एकशेवीस लिहिलंय, म्हणजे सेकंदाला एकशेवीस चित्रं, ते पडद्याचं की नुसत्या करामतीचं? (करामतीचं निघालं. पडदा साठचाच होता आणि मला साठ पुरे होते.) गेम मोड आहे का? गेम मोड म्हणजे टीव्हीने चित्राची वेणीफणी न करता ते आहे तसं दारात आणून उभं करायचं. मोठं नाव नसलेल्या एका कंपनीच्या, मागच्या वर्षीच्या मॉडेलमध्ये तो निघाला. पंचावन्न इंच, बजेटच्या आत. मी अंगठ्याचा प्रयोग दुकानातच केला. अंगठा आणि चित्र जवळजवळ बरोबर हलले. इतका आनंद मला पूर्वी एकदाच झाला होता, आणि तेव्हा मी प्रयोगशाळेत असल्यामुळे व्यक्त करता आला नव्हता. इथेही नाही केला.

टीव्ही शनिवारी संध्याकाळी आला. जुना लगेच टेम्पोत चढला आणि परस्पर लाखनीच्या कुणा गिऱ्हाइकाकडे गेला. भिंतीवर बसवणारा मंगेश सोमवारी येणार होता, म्हणून नवा टीव्ही त्याच्या पायांवर टेबलावर उभा केला. मी कन्सोल जोडून ठेवला. रविवारी मला भंडाऱ्याला एका परीक्षेवर पर्यवेक्षक म्हणून जायचं होतं, पण संध्याकाळपर्यंत परत येणार होते. रुचिकाला निरोप टाकला: उद्या नेहमीच्या वेळी.

निघताना सासूबाईंनी विचारलं, "वं बाई, हा डब्बा सिनेमा पाहाले होय का?"

सासूबाईंचं नाव राधाबाई. माहेर आणि सासर दोन्ही मोहाडीकडचं, विणकरांचं. लुगड्याच्या मागावर त्यांचा अर्धा जन्म गेला. त्यांना काय सांगावं? बसची वेळ झाली होती. मी म्हटलं, "नाही आई, याच्यावर रुचिकाशी बोलता येतं." हे विधान खरं होतं. अपुरं होतं इतकंच, आणि अपुऱ्या विधानातून माणूस काय काय निष्कर्ष काढतो हे मी शिकवणीच्या प्रकरणावरून ओळखायला हवं होतं.

परीक्षा सुरळीत झाली. ऊन उतरताना मी घरी आले. हे अंगणात उभे होते आणि त्यांचा चेहरा फाईल गहाळ झाल्यासारखा होता.

"मी फक्त केस कापायला गेलो होतो," ते म्हणाले.

टेबलावर टीव्ही नव्हता. कन्सोल नव्हता. वायरसुद्धा नव्हत्या. होती ती सासूबाईंची मोजपट्टी, जमिनीवर लांब पसरलेली.

शालू धावत आली आणि एका श्वासात सगळं बोलली. "ताई, आजीनं टीव्ही मोजला ना! तुमी पंचावन म्हनत होत्या, तं अठ्ठेचायीसच भरला! तीनदा मोजला. लक्ष्मन काकानंबी मोजला. सात इंच कमी! मंग आजी म्हने, चाला दुकानात. भैय्यालालच्या ऑटोत टाकला आन् गेले."

मला क्षणात सगळं समजलं आणि त्याचा काही उपयोग नव्हता. कापडाला लांबी असते आणि रुंदी असते. रुंदीला पन्हा म्हणतात. विणकराच्या घरात पन्हा कमी भरला की ती साधी चूक नसते, ती लबाडी असते. राधाबाईंनी टीव्हीचा पन्हा मोजला होता.

आम्ही दोघं स्कूटरवर निघालो. ट्रकांच्या रांगेतून वाट काढत असताना मला एकच गोष्ट दिसत होती: तिकडे पुण्यात रुचिका लॅपटॉप उघडून बसलेली, आणि मी आलेली नाही. पुढच्या रविवारी तिच्याशेजारी रूममेट असेल.

दुकानासमोर गर्दी होती. आत, सगळ्या पोपटांच्या मधोमध, राधाबाई खुर्चीवर ताठ बसल्या होत्या. शेजारी आमचा टीव्ही उभा, मांडीवर माझा कन्सोल. परत करायचं तर सामान पूर्ण असलं पाहिजे, म्हणून त्यांनी टीव्हीला चिकटलेलं सगळंच उपटून आणलं होतं. लक्ष्मणराव साक्षीदार म्हणून उभे होते. आणि कुलदीप हातात टेप घेऊन घामाघूम झाला होता, कारण त्याने खात्री करायला दुकानातले सगळे टीव्ही मोजले होते आणि सगळेच कमी भरले होते.

"मॅडम!" मला पाहून तो जवळजवळ रडवेला झाला. "मले कंपनीनं फसवलं हो! त्रेचायीसचा सदतीस निघाला, बत्तीसचा अठ्ठावीस! एकबी पूर्ना नाही. मी इतकी वर्सं लोकायले कमी माप देऊन राहिलो!"

"आडतीत असंच व्हते," गर्दीतून एक धानाचा व्यापारी समजूतदारपणे म्हणाला. "काट्यावर पाहा लागते."

मी फळ्यासमोर उभं राहिल्यावर बोलते तशी बोलायला लागले. टीव्हीचं माप कर्णाचं असतं. कर्ण म्हणजे या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत, तिरपं. मी कुलदीपचा टेप घेतला आणि खालच्या कोपऱ्यापासून वरच्या समोरच्या कोपऱ्यापर्यंत ताणला. पंचावन्न. गर्दीतल्या माझ्या दोन विद्यार्थ्यांनी पायथागोरस असं पुटपुटल्याचं ऐकून बरं वाटलं. कुलदीप धाडकन स्टुलावर बसला आणि त्याने देवाचे आभार मानले.

राधाबाईंनी मानले नाहीत.

"मले सांग," त्या म्हणाल्या, "कापड कोनी तिरपं मोजते काय?"

"कापड नाही आई. टीव्ही तसाच मोजतात. जगभर."

"जगभर लबाडी चालते, म्हून ते खरं व्हते का वं? मी जिंदगीभर लुगडे इनले. मी जर गिऱ्हाइकाले म्हटलं असतं का पन्हा तिरपा मोजून घे, तं त्यानं माहा माग उचलून नेला असता."

गर्दीने मान डोलावली. मीही डोलावली असती. प्रश्न अगदी योग्य होता.

"पण आई, सात इंचांनी तुम्हाला काय फरक पडतो?"

त्यांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की मी जणू साधी बेरीज चुकले होते. "तूच तं म्हनली, याच्यावर रुचिका दिसन म्हून. पोरीले जाऊन पाच महिने झाले. त्या फोनमंदी ते नखाएवढी दिसते. आता मोठी दिसन म्हटलं तं त्यातूनबी सात इंच कापून घेतले. माही नात कापलेली काहून पाहू मी?"

यांनी चष्मा काढून पुसला. मी कर्णाचं गणित तिथेच सोडलं, कारण मलाही त्या मुलीचं जितकं मिळेल तितकं पूर्ण हवं होतं.

घड्याळात वेळ झाली होती. घरी टीव्ही नेऊन जोडेपर्यंत अंधार पडला असता. मी कुलदीपकडे वळले. "तुमचं वायफाय चालू आहे?"

"आहे ना मॅडम."

"मग हे इथेच जोडा."

एका शिक्षिकेची इतक्या वर्षांची प्रतिष्ठा तुमसरच्या भर बाजारात कशी विसर्जित होते, हे पाहायला त्या संध्याकाळी बरेच लोक हजर होते. मी राधाबाईंच्या शेजारी स्टुलावर बसले, कन्सोल सुरू केला. हेडफोन घरी राहिले होते, त्यामुळे रुचिकाचा आवाज थेट टीव्हीतून, कुलदीपने सांगितल्याप्रमाणे वरच्या मजल्यापर्यंत जाईल असा आला.

"आई! कुठे होतीस? मी केव्हाची बसून राहिली!"

राधाबाई खुर्चीतून अर्ध्या उठल्या. "रुचे! कुठी आहेस? दिसत काहून नाही?"

"आजी? आजी तू पण आहेस? अगं मी तो डावीकडचा. लाल टोपीवाला."

राधाबाईंनी लाल टोपीच्या हमालाकडे निरखून पाहिलं. "वायली वं पोरगी, बारीक झाली," त्या हळूच मला म्हणाल्या.

आम्ही पेटी उचलली आणि डोंगर चढू लागलो. रुचिकाला मी सांगितलं नव्हतं की मी दुकानात आहे. सांगायला वेळ मिळाला नाही. म्हणून चालता चालता ती नेहमीसारखी बोलू लागली. परवाच्या तोंडी परीक्षेत ती घाबरून गप्प झाली होती, तेव्हा तिने मनातल्या मनात स्वतःला म्हटलं, 'मले येते', आणि मग उत्तर दिलं. आता शेजारच्या मुली तिच्याकडून 'काहून' म्हणायला शिकतायत. मी "हं" म्हणत होते. मागे सगळी गर्दी दुकानात सरकून आली होती. लक्ष्मणरावांनी कुणाला तरी "चूप रे" म्हटलं, खरं तर कुणीच बोलत नव्हतं.

राधाबाईंनी मात्र पडद्यावरची नजर काढली नाही. पुटपुटल्या, "आमी माहेरी मागासाठी कांड्यांवर सूत भरत होतो ना, मी आन् माही माय, तवाच बोलनं व्हत होतं. हातात काम नसलं तं माय काही बोलतच नोती."

मग झुलता पूल आला.

"आई, तयार?" रुचिका म्हणाली. तिच्या आवाजात आशा कमी आणि सभ्यपणा जास्त होता. "एक... दोन..."

"मार!" हे एकटी रुचिका म्हणाली नाही. लक्ष्मणराव, कुलदीप, धानाचा व्यापारी, माझे दोन विद्यार्थी, सगळे एकदम ओरडले. मी अंगठा दाबला. दोन्ही हमाल बरोबर उडाले, पेटी हवेत एक क्षण आडवी राहिली, आणि पलीकडच्या फळीवर अलगद टेकली.

त्यानंतर दुकानात जो गलका झाला त्याचं वर्णन करणं माझ्या शैलीत बसत नाही. यांनी टाळ्या वाजवल्या, तेही कोणाच्या मंजुरीशिवाय. कुलदीपने मला मिठाई आणतो म्हटलं आणि आणलीही.

"आई, ते कोण ओरडले? तू कुठे आहेस?"

"सांगते. आधी चल, पुढे काय आहे ते बघू."

"पुढे? पुढे खूप आहे अगं!" ती हसली. "पुढे अख्खं जंगल आहे. आपल्याला पूर्ण उन्हाळा लागेल."

पूर्ण उन्हाळा. 'शेवटचं' हा शब्द कुठे गेला तो गेला, मी शोधला नाही.

कुलदीपने टीव्ही परत टेम्पोत चढवताना भीत भीत विचारलं, "आजी, मंग ठेवता ना? का घेऊ परत?"

राधाबाईंनी पडद्यावरून एकदा उलटा हात फिरवला, लुगड्यावरून फिरवतात तसा.

"पन्हा कमीच आहे," त्या म्हणाल्या. "पन पोत चांगला आहे. ठेवू."